मनातही फाउलच पडत असेल तर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १६ वर्षांची, लांब उडी मारते. नागपुरात रेशीमबागकडे घर, सराव मातीच्या रन-अपवर (उडीआधी पळायच्या पट्टीवर), आणि तिथं ५.३० मीटरच्या आसपासची उडी तिच्या हातची. पुण्यात बालेवाडीला राज्य स्पर्धेत मात्र तिन्ही उड्या फाउल. सरांनी सांगितलं, रोज रात्री डोळे मिटून व्हिज्युअलायझेशन कर, म्हणजे मनात चित्र आण. ती इमानेइतबारे करतेय. गळ्यातलं मेडल दिसतं, पेपरातला फोटो दिसतो. पण उडी मनात आणली की तिथंही पाय रेषेच्या पुढेच पडतो, आणि आता तिला त्याचीच धास्ती बसली आहे. हे खरंच कामाचं आहे की नुसतं फॅड, आणि कामाचं असेल तर करायचं कसं?

कामाचं आहे. पण ती आत्ता जे करतेय त्यातला मेडलचा भाग फारसा उपयोगाचा नाही आणि फाउलचा भाग चक्क नुकसानीचा आहे. त्याच्याही आधी एक काम राहून गेलंय, ते मोजमापाच्या टेपचं.

तीन फाउल झाले की घरचे, मैदानावरचे सगळे 'पोरीनं टेन्शन घेतलं' म्हणून मोकळे होतात. मी खेळाडूंच्या मनाचंच काम करते, तरी माझा पहिला प्रश्न असतो: फाउल किती सेंटिमीटरचा होता? बहुतेकांना माहीत नसतं. जरा हिशेब करून बघा. रन-अप १६ पावलांचा धरू. मातीवर पळणारी मुलगी स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून सिंथेटिक ट्रॅकवर उतरली की पकड चांगली मिळते, शिवाय स्पर्धेच्या दिवशी अंगात जोर एरवीपेक्षा जास्तच असतो. एकेक पाऊल फक्त २ सेंटिमीटरनं लांबलं तरी बोर्डापाशी पोचेपर्यंत ३२ सेंटिमीटर वाढतात. टेकऑफ बोर्ड, म्हणजे जिच्यावरून उडी घ्यायची ती पट्टी, आहे २० सेंटिमीटर रुंदीची; तिची वाळूकडची कड म्हणजे फाउलची रेषा. म्हणजे सरावात जिचा चवडा बोर्डाच्या अलीकडच्या कडेला टेकतो, तिचा इथं रेषेच्या १२ सेंटिमीटर पुढे पडणार. मागून वारा असला तर आणखी पुढे. त्यात नोव्हेंबर २०२१ पासून नियमही कडक झालाय. पूर्वी रेषेपुढच्या प्लास्टिसिनवर (मऊ मातीसारख्या लगद्यावर) ठसा उमटला तर फाउल धरायचे. आता बुटाचं टोक जमिनीला न टेकता नुसतं रेषेच्या पुढे गेलं तरी लाल झेंडा.

तेव्हा सरांना विचारा, व्हिडिओ असेल तर नीट बघा. तिन्ही फाउल साधारण सारख्याच अंतराचे असतील तर जिथून ती पळायला सुरुवात करते ती खूण चुकलेली आहे. वॉर्म-अपमध्ये दोन-तीन पूर्ण रन-अप करून, कुणीतरी बोर्डापाशी उभं राहून पाय कुठं पडतोय ते बघून, खूण मागे घेतली की काम झालं. रन-अपच्या बाजूला दोन खुणा ठेवायला नियमात परवानगी आहे. त्याला मनाचा कुठलाही व्यायाम लागत नाही. पण पहिला फाउल दहाचा, दुसरा पस्तीसचा आणि तिसऱ्यात शेवटी पाय अडखळले, असा पसारा असेल, तर शेवटच्या पावलांत काहीतरी बिघडतंय. तिथून माझं काम सुरू होतं.

शेवटची पावलंच का, तेही सांगते. १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या तीन संशोधकांनी लांब उडीच्या खेळाडूंचे रन-अप चित्रित करून पावलं मोजली. सुरुवातीची पावलं ठरलेल्या साच्यात पडतात, त्यात बारीक-बारीक फरक साठत जातो, आणि शेवटच्या काही पावलांत खेळाडू डोळ्यांनी अंदाज घेत तो फरक नकळत भरून काढतो, असं त्यात दिसलं. हे 'नकळत' फार नाजूक असतं. 'फाउल नको, फाउल नको' म्हणत पोरगी बोर्डाकडे मुद्दाम बघायला लागली की लय तुटते. मग ती एक तर बारकी पावलं टाकत वेग घालवते, नाहीतर शेवटचं पाऊल ताणून रेषेपलीकडे जाते.

आता फॅडचा प्रश्न. हालचालीची नुसती कल्पना केली तरी त्याच स्नायूंमध्ये सूक्ष्म विद्युत हालचाल होते, हे एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९३०च्या दशकातच नोंदवून ठेवलंय. पुढे मेंदूची चित्रं घेता आली तेव्हा दिसलं की प्रत्यक्ष हालचाल आणि कल्पनेतली हालचाल यांत मेंदूचे बरेचसे भाग सामाईक असतात. २००४ चा एक प्रयोग मला आवडतो. लोकांनी १२ आठवडे करंगळी बाजूला रेटण्याची फक्त कल्पना केली, तर त्या हालचालीची ताकद ३५ टक्क्यांनी वाढली. मोटिव्हेशनल भाषणात एवढंच सांगतात. त्याच प्रयोगात ज्यांनी करंगळीचा खरोखर व्यायाम केला त्यांची ताकद ५३ टक्क्यांनी वाढली होती, आणि कल्पनेनं कोपराच्या स्नायूंची ताकद १३.५ टक्केच वाढली, हे कुणी सांगत नाही. बास्केटबॉलच्या फ्री थ्रोचा किस्साही व्हॉट्सॲपवर फिरत असतो, की नुसती कल्पना करणारे आणि रोज सराव करणारे सारखेच सुधारले. त्यावर विसंबू नका. १९८३ आणि १९९४ मध्ये कित्येक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले गेले. त्यांचं म्हणणं साधं आहे: काहीच न करण्यापेक्षा मनातला सराव नक्की चांगला, खऱ्या सरावापेक्षा तो कमी, आणि करायचं थांबलं की त्याचा फायदा हळूहळू विरतो.

म्हणजे मैदानावरची एकही उडी यानं वाचत नाही. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, सकाळी लवकरचा वेळ सोडला तर दिवसभर ट्रॅकवर पाय ठेववत नाही. पायाला लचक भरली तर दोन आठवडे उडी बंद. परीक्षेच्या दिवसांत मैदान सुटतं. अशा वेळी मनातला सराव ही मोठी सोय आहे. (फक्त दुपारी कूलरसमोर गादीवर आडवं होऊन करायचा नाही. दुसऱ्या पावलाला घोरणं सुरू होतं.)

मेडल दिसण्याबद्दल. ते चित्र वाईट नाही. पहाटे पाचला उठायला त्याचा उपयोग होत असेल तर खुशाल बघू द्या. पण तो सराव धरायचा नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींनी परीक्षेच्या आधी रोज 'आपल्याला उत्तम मार्क पडले' अशी कल्पना केली, काहींनी 'आपण बसून अभ्यास करतोय' अशी. दुसऱ्यांचा अभ्यासही जास्त झाला आणि मार्कही चांगले आले. तुमच्या मुलीच्या बाबतीत दुसरं चित्र म्हणजे ती १६ पावलं. पोडियमवर चढताना पाय कसा टाकायचा, हा तिचा प्रश्नच नाही.

करायचं कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण इथंच बहुतेकांचं चुकतं.

पलंगावर नाही, उभ्यानं करायचं. गच्चीवर किंवा अंगणात, शक्य तर स्पाइक्सची पिशवी जवळ ठेवून, स्पर्धेचे कपडे घालून. रन-अपच्या सुरुवातीला ती जशी उभी राहते तशीच उभी राहील. कुठला पाय पुढे, हात कुठे, पहिला श्वास कसा. मग डोळे मिटून, स्वतःच्याच डोळ्यांतून, समोर रन-अपची पट्टी आणि तिच्या टोकाला वाळू. प्रेक्षकांत बसून स्वतःला बघतोय असं नको. पण हवेतला आकार, उतरताना पाय पुढे फेकणं, हे सुधारायचं असेल तेव्हा बाहेरून बघणं उपयोगी पडतं; त्यासाठी तिच्या चांगल्या उडीचा व्हिडिओ आधी दोनदा बघायचा. रन-अपसाठी मात्र आतूनच.

आणि वेग खरा हवा. हे तपासायची युक्ती सोपी आहे. मैदानावर तुम्ही मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पहिल्या पावलापासून टेकऑफपर्यंतचा वेळ घ्या, तीन-चार वेळा. मग ती घरी उभ्या जागी डोळे मिटून मनातल्या मनात पळेल, स्टॉपवॉच तिच्या हातात. निघताना दाबायचं, बोर्डावर पाय पडला की दाबायचं. खरा रन-अप साडेचार सेकंदांचा आणि मनातला दोन सेकंदांत संपत असेल, तर मधली पावलं ती गाळतेय. सात सेकंद लागत असतील तर ती स्लो मोशनमध्ये बघतेय. दिसायला छान, पण लय चुकीची पक्की होते. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाचा पहिल्या दिवशीचा आकडा कमीच येतो, कारण सगळ्यांना उडीची घाई असते. दोन्ही वेळा जवळजवळ जुळेपर्यंत बाकी काही वाढवू नका.

वेळ जुळली की तिनं स्वतःच्या शब्दांत, घरी बोलते त्याच भाषेत रन-अप लिहून काढावा. पुस्तकी वाक्यं नकोत. एका मुलीनं लिहिलेलं मला अजून आठवतं: 'पहिली चार, ढकलत. मग उठली, गुडघे वर. कानात वारा. चेक मार्क. आता बोर्डाकडे पाहाचं नाही, समोरच्या झाडाकडे. लां-ब, चट. वर.' बस, एवढंच. (चेक मार्क म्हणजे रन-अपच्या बाजूची खूण.) ते 'लां-ब, चट' म्हणजे शेवटून दुसरं पाऊल लांब आणि शेवटचं आखूड, टेकऑफची सगळी किल्ली त्या दोन शब्दांत आहे. हे तिनं स्वतःच्या आवाजात, खऱ्या लयीत मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. कुणा तज्ज्ञाचा घोगरा आवाज आणि मागे बासरी असलेल्या ऑडिओपेक्षा हे कितीतरी चांगलं. शरीराला काय जाणवतंय ते त्यात असावं: तळव्याखालची पकड, दंडांचा झोत, छातीतली धडधड. हो, धडधडसुद्धा. ध्यानाला बसल्यासारखं शांत होऊन केलेला सराव स्पर्धेतल्या शरीराशी जुळत नाही. २००१ मध्ये होम्स आणि कॉलिन्स या दोन क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी जी मांडणी केली, ती आज या क्षेत्रात सगळीकडे वापरतात. तिचा गाभा हाच की शरीर, जागा, वेळ, भावना, सगळं खऱ्याच्या जितकं जवळ तितकं बरं.

जागेचं तर तुमच्या बाबतीत फारच महत्त्व आहे. घराजवळच्या मातीची कल्पना करून बालेवाडीची तयारी होत नाही. पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा आदल्या दिवशी तिला मैदानावर न्या. रन-अपच्या टोकापासून वाळूपर्यंत चालत, डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल धरून व्हिडिओ घ्या. समोर काय दिसतं, स्टँड कुठल्या बाजूला, पंच कुठं बसतात. नाव पुकारल्यावर उडीला मिळणारा एक मिनिट, घड्याळ उलटं चालू, शेजारी रिलेची शिट्टी. हे सगळं तिच्या मनातल्या रन-अपमध्ये यायला हवं. रात्रभर गरीब रथमधून आल्यावर पाय जड असतात, तेही.

आता फाउलचं. ती मनात उडी आणते आणि पाय पुढे पडतो, तेव्हा 'असं बघू नकोस' म्हटल्यानं ते जाणार नाही. गोल्फच्या पटिंगवर (चेंडू हलक्या फटक्यानं होलमध्ये ढकलण्यावर) यासंबंधी प्रयोग झाले आहेत. चेंडू होलच्या अलीकडे राहिला असं चित्र मनात आणणाऱ्यांची कामगिरी घसरली, आणि ते चित्र दाबायला सांगूनही घसरण थांबली नाही. तेव्हा दाबायचं नाही, चित्र आखूड करायचं. सर मैदानावर छोट्या रन-अपच्या उड्या करून घेतात ना, अगदी तसंच. मनात फक्त शेवटची सहा पावलं, सावकाश नव्हे पण मध्यम वेगात, आणि पाय बोर्डावर. फाउल पडला तर उडी पूर्ण करायची नाही; तिथंच डोळे उघडायचे, तिच्या चांगल्या उडीचा व्हिडिओ एकदा बघायचा आणि पुन्हा सहा पावलं. सहाला नीट पडायला लागला की आठ, दहा, असं करत पूर्ण रन-अपपर्यंत. दर वेळी शेवटची उडी पांढऱ्या झेंड्याची, म्हणजे फाउल नसलेली, असली पाहिजे. त्या दिवशी जमलंच नाही तर पुन्हा चार-सहा पावलांवर या, एक चांगली उडी करा आणि थांबा.

हे बसलं की मगच, स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी, फाउल मुद्दाम आणायचा. दचकू नका. आधीचा फाउल आपोआप येत होता, हा ती स्वतः आणणार आहे, आणि चित्र तिथं थांबत नाही. पहिली उडी, लाल झेंडा. मग? ती वाळूतून बाहेर येते, स्टँडकडे बघते, सर बोटांनी दाखवतात किती पुढे गेला. खुणेपाशी जाते, तेवढी मागे घेते. दोन घोट पाणी, ट्रॅकसूट अंगावर, बाकावर. शेवटच्या सहा पावलांची एक उजळणी. नाव पुकारलं, उभी राहिली, आणि दुसरी उडी पूर्ण. बालेवाडीला तिच्याकडे नेमका हाच तुकडा नव्हता असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. पहिला फाउल पडल्यावर काय करायचं हे ठरलेलंच नव्हतं, म्हणून दुसरी आणि तिसरी उडी पहिल्या फाउलच्याच धक्क्यात गेली. मायकेल फेल्प्सचं २००८ चं उदाहरण यासाठीच सांगते. बीजिंगला २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, शेवटी भिंतही दिसेना. तो हातांचे फटके मोजत पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकला. बिघडलेली शर्यत मनात पोहायची सवय त्याला कोच बॉब बोमननी आधीच लावलेली होती. पण हेही लक्षात घ्या की किती फटक्यांत भिंत येते हे त्याला पाठ होतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत ते पाठांतर म्हणजे तिची पावलं आणि टेपचे आकडे.

रोज किती? पाच ते आठ मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस, एका वेळी पाच-सहा उड्या. वीस मिनिटांच्या पुढे गेलं की लक्ष उडतं आणि घोटवल्या जातात त्या चुकाच. सगळ्यात चांगली वेळ मैदानावरची: खरी उडी मारून परत येताना, पाय अजून गरम असताना, तीच उडी एकदा मनात. स्पर्धेत, आधीची खेळाडू रन-अपवर उभी राहिली की तुमच्या मुलीनं मनात स्वतःच्या उडीची एक उजळणी करायची, बस. रन-अप सुरू झाल्यावर काहीही बघायचं नाही.

तिला चित्रच दिसत नसेल तर? अशी मुलं असतात. काही लोकांना मनात चित्र अजिबात उमटत नाही. ॲडम झेमन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञानं २०१५ मध्ये त्याला 'अफँटेझिया' असं नाव दिलं. तो आजार नाही. अशांनी लय आणि अंगातली जाणीव धरायची, 'लां-ब, चट' नुसतं कानानं. लांब उडीत तेवढ्यानं बरंच काम होतं.

एक बरं आहे की हा खेळ या सरावाला मानवणारा आहे. कधी निघायचं हे खेळाडूच ठरवतो, समोरचा कुणी मध्ये येत नाही. नेमबाजी, धनुर्विद्या याच जातीतले खेळ. आपल्या नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला धनुर्विद्येच्या कम्पाउंड प्रकारात जगज्जेता झाला तो अंतिम फेरीत १५ बाणांत १५० पैकी १५० घेऊन. तिथं एकच कृती हुबेहूब पुन्हा करण्यालाच सगळी किंमत असते. मालविका बनसोडच्या बॅडमिंटनला मात्र हीच पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही; तिथं प्रतिस्पर्ध्याचा फटका येईपर्यंत पुढचं चित्र ठरतच नाही, म्हणून सर्व्हिस, ठरावीक रॅली, गुण गेल्यावरचे पंधरा सेकंद असे तुकडे घ्यावे लागतात. शेजारच्या बॅडमिंटनवाल्या मुलीचं बघून तुमच्या लेकीनं काही बदलू नये.

शहरात हल्ली शनिवार-रविवारची शिबिरं निघाली आहेत. 'मेंदू जागृत' करून देतात, हेडबँड लावतात, पाच आकडी फी घेतात. यातलं काहीही लागत नाही. मोबाइल, टेप आणि एक वही पुरते.

तीन-चार आठवड्यांत मनातला आणि खरा वेळ जुळायला लागेल. फाउल कमी झालेत की नाही ते कळायला एक-दोन स्पर्धा जाऊ द्या, आणि त्या स्पर्धा आधी जिल्ह्यातल्या, लहान असाव्यात. तिला रात्री झोप लागत नसेल, स्पर्धेचं नाव काढलं की उलटी होत असेल, किंवा मैदानावर जाणंच नको वाटत असेल, तर हा उडीचा प्रश्न राहिलेला नाही. मग उजळणी बंद ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

तुमच्याकडे एकच काम. रोज रात्री 'आज दिसलं का गं?' असं विचारू नका; तिच्यासाठी तीही एक परीक्षा होऊन बसते. त्याऐवजी रविवारी मैदानावर बोर्डाच्या सरळ रेषेत, आठ-दहा मीटर बाजूला उभे राहा, मोबाइल आडवा धरा आणि उडीचा नव्हे, तिच्या शेवटच्या सहा पावलांचा व्हिडिओ घ्या. प्रत्येक वेळी चवडा रेषेच्या किती अलीकडे किंवा पलीकडे पडला ते टेपनं मोजून वहीत लिहा. दहा-बारा उड्यांचे आकडे जमले की वही घेऊन आधी सरांकडे जा. खूण मागे घ्यायची की नाही ते त्यांना ठरवू द्या, आणि त्यानंतर गच्चीवरचा सराव सुरू करा.